पेणला एक दिवस: सासूबाई, दोन मुलं आणि गणपतीचे कारखाने

सिंहगडरोडवाली:
यंदा गणपती पेणहूनच आणायचा, असं सासूबाईंनी जाहीर केलंय. म्हटलं, मग सगळेच जाऊ, दिवसभर कारखाने हिंडू. आम्ही दोघं, सासूबाई (एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय), मुलगा दहाचा आणि मुलगी पाचची. तिला दिसेल त्या वस्तूला हात लावायचाच असतो. सकाळी निघून रात्री परत, जमेल का? आणि शाडूची मूर्ती घाटातून धड घरी येते का?

पेठेतला:
एवढं पेट्रोल कशाला जाळताय? कुंभारवाड्यात मूर्ती बघा, तिथून तांबट आळीत शिरा, तांब्याची भांडी ठोकून घडवतात त्या मठारकामाचा ठोकाठोक आवाज मुलांना ऐकवा, दुपारी जेवायला घरी.

माहेरवाशीण:
पेठेतल्यांना नदी ओलांडायची म्हटलं तरी प्रवासच वाटतो, त्यामुळे वरचं सोडून द्या.

माझं माहेर पेणचं. जमेल, पण रविवारी नको. पावसाळ्यात अख्खं पुणं-मुंबई लोणावळ्याला भजी खायला आलेलं असतं. मधल्या वारी सहाला निघा, खोपोलीला उतरून पेणचा रस्ता धरा. नऊ-साडेनऊला पोचाल. गाडी आळीत घालू नका, वळवताना रडाल. कासारआळी, कुंभारआळी पायीच हिंडायच्या. दोन-तीन कारखाने बघा, पुरे. चौथ्यात पोरं कंटाळतात. सासूबाईंना एका ठिकाणी स्टूल मागून बसवा, आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

आणि आषाढातच जा. गणपती तोंडावर आले की कारखान्यात बोलायला कुणाला फुरसत नसते.

एकच गोष्ट मन लावून बघा: आखणी. पितांबर, शेला, दागिने सगळं रंगवून झालं की शेवटी डोळे. आमच्या शेजारचे काका डावा हात उजव्या मनगटाखाली टेकवायचे, श्वास रोखायचे आणि पापणीची रेघ एका ओढीत काढायचे. तोवर पंखासुद्धा बंद. आम्ही पोरं दारात चिडीचूप. तुमच्या लेकीला तेवढा वेळ कडेवर घ्या.

निघण्याआधी मखर मोजा. मूर्तीची उंची सांगतील ती पाटासकट की पाटाशिवाय, ते विचारा. आम्ही एका वर्षी विचारलं नाही आणि मखराची कमान मुकुटाला टेकली. घरचा पाट असेल तर तोच द्या, त्यावर नावाची चिठ्ठी लावून ठेवतात. मूर्ती शाडूचीच का, हे स्पष्ट विचारा. हमरापूर, जोहे भागात प्लास्टरचं काम खूप चालतं, आणि रंग चढल्यावर आपल्याला फरक कळत नाही. उचलून बघितलं तर कळतो, शाडू जड.

सिंहगडरोडवाली:
मांडीवर घेऊन आणू का?

माहेरवाशीण:
अजिबात नाही! तीन तासांत पाय बधिर होतो आणि नेमका ब्रेक लागतो. पुढच्या सीटमागे खाली, खोक्यात, चारी बाजूंनी पेंढा. सोंड आणि बोटं कशालाही टेकता कामा नयेत. आम्ही एकदा डिकीत ठेवली होती, आशीर्वादाच्या हाताची करंगळी गेली. सासूबाई म्हणाल्या, भंगलेली मूर्ती घरात नको. पेणला फोन लावला तर काका हसले: "अहो, अजून प्राणप्रतिष्ठा कुठे झालीय? चिमूटभर ओली शाडू लावा, वाळली की रंग द्या." त्यांनी रंगाची पुडी आणि शाडूचा गोळा खोक्यातच टाकून दिला होता. मला वाटलं होतं, पॅकिंग आहे.

पेठेतला:
येताना पोह्याचे पापड आणणार असाल तर माझे एक किलो धरा. पेट्रोलचे अर्धे देतो.

सिंहगडरोडवाली:
बुधवार ठरला. सासूबाई आत्ताच पट्टी घेऊन मखर मोजतायत. पाटासकट.