मदत हवी आहे: 'रक्तशोषक'ला बंगालीत नेमकं काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. शेजारच्या बांधकामावर काही बंगाली कुटुंबं राहतात. त्यांच्या मुलांसाठी डास, ढेकूण, गोचीड, जळू यांचा चित्रतक्ता करतेय. सुटी नावं मिळाली: डास म्हणजे मशा, ढेकूण छारपोका, जळू जोंक. अडलंय मथळ्यापाशी. रक्तशोषक, म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या रक्तावर जगणारे. शब्दकोशात 'रक्तचोषा' सापडला, पण बंगालमध्ये बागेतल्या सरड्यालाही रक्तचोषाच म्हणतात! विणीच्या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो खरा, पण तो बिचारा किडे खाऊन जगतो. माझ्या तक्त्यामुळे मुलांनी सरड्यांना दगड मारायला नकोत. 'रक्तपायी' चालेल का? की सात-आठ वर्षांच्या पोरांना तो फार जड जाईल? घरी बंगाली बोलणारं कुणी असेल तर कृपया सांगा, तक्ता रविवारी लावायचाय.