त्सुनामीची सूचना: ‘इशारा’, ‘सतर्कता’ की ‘अंदाज’?

प्रश्न (देवगड)
आमच्या वाडीत त्सुनामीबद्दल माहितीफलक लागणार आहे. मराठी मजकूर मी करतेय. मसुद्यात वॉर्निंग, ॲलर्ट आणि वॉच असे तीन शब्द आहेत. पहिल्या दोन्हींसाठी मी ‘इशारा’ लिहिलंय आणि तिसऱ्यासाठी ‘अंदाज’. चालेल ना? आणि ‘सुनामी’ लिहू की ‘त्सुनामी’?

उत्तर (रत्नागिरी)
ताई, पहिल्या दोन्हींना एकच शब्द देऊ नका. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे आपलं त्सुनामी केंद्र चालवणारी संस्था, हे शब्द लाटेच्या अपेक्षित उंचीवरून ठरवतं. २ मीटरच्या वर असेल तर वॉर्निंग, म्हणजे किनारा सोडून उंचावर जायचं. ०.५ ते २ मीटर असेल तर ॲलर्ट, म्हणजे पुळणीवर आणि सखल भागात थांबायचं नाही. त्याहून कमी असेल तर वॉच. त्यात लोकांनी लगेच काही करायचं नसतं.

मी ‘इशारा’, ‘सतर्कता’ आणि ‘केंद्राचं लक्ष आहे’ असं लिहीन. तिसऱ्यात लक्ष कोण ठेवणार हे स्पष्ट हवं. नुसतं ‘लक्ष ठेवा’ लिहिलंत तर चार माणसं धक्क्यावर जाऊन समुद्राकडे बघत उभी राहतील.

‘अंदाज’ मात्र काढूनच टाका. अंदाज पुढे होणाऱ्या गोष्टीचा असतो आणि भूकंपाचा तसा अंदाज आज कोणालाच देता येत नाही. त्सुनामीची सूचना निघते ती भूकंप होऊन गेल्यावर. मकरानच्या (पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्यापाशी समुद्रतळ हलला, तर भूकंपाच्या प्राथमिक लहरी साधारण तीन मिनिटांत कोकणाखाली पोचतात. ठिकठिकाणच्या भूकंपमापकांच्या नोंदी जुळवून भूकंपाचं केंद्र कुठे, किती खोल, तीव्रता किती हे दहाएक मिनिटांत निघतं. मग समुद्रतळावरची दाबमापकं, त्यांचे बोये (वर तरंगणारी यंत्रं) आणि बंदरांतले भरतीमापक खरंच लाट उठली का ते सांगतात. पाण्याची लाट खोल समुद्रात ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास धावते, तरी इथे यायला तिला काही तास लागतात. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानचा भूकंप पहाटे झाला, लाटा मुंबईत सकाळी पोचल्या आणि माणसं बुडाली. तेव्हा मधले तास कोणाच्याच कामी आले नाहीत, कारण कळवणारं कोणी नव्हतं. आपल्याकडचं त्सुनामी केंद्र २००७ मध्ये सुरू झालं, तेही २००४ च्या संहारानंतर.

फलकावर आणखी एक पाळा: जमिनीतून जातात त्या ‘लहरी’, पाण्यावरून येते ती ‘लाट’. ‘भूकंपाच्या लाटा’ लिहिलं की वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात.

मालवणहून
एवढे शब्द कशाला? बंदरात ‘तीन नंबरचो बावटो लागलो’ म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं. त्सुनामीलाही बावटाच म्हणा. नाहीतर ‘मोठ्या उधाणाचा इशारा’ लिहा.

उत्तर (रत्नागिरी)
दादा, बावटा सगळ्यांना कळतो हे खरं, आणि म्हणूनच तो इथे नको. वादळाचा बावटा लागला की तांडेल होडी बंदरात आणतो. त्सुनामीत नेमकं उलट करायचं असतं. खोल समुद्रात ती लाट होडीखालून जाते तरी कळत नाही. उथळ पाण्यात आली की तिचा वेग घटतो आणि उंची वाढते, म्हणजे सगळ्यात जास्त मार बसतो तो बंदरात आणि खाडीच्या तोंडाशी. समुद्रात असलेल्या होड्यांनी खोल पाण्याकडे जायचं, असं सूचनेतच असतं. ‘बावटा’ ऐकून कोणी सवयीने धक्क्याकडे वळला तर?

‘उधाण’ही नको. उधाणाला तिथी असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अष्टमीला सहाच्या सुमारास, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्सुनामीला ना तिथी, ना भांग (लहान भरतीचे दिवस). उलट हा हिशोब फलकावर कामाला लावा: ‘भरतीच्या वेळी पाणी अचानक मागे हटलं तर सूचनेची वाट बघू नका.’ मकरानचा धक्का इथे जाणवेलच असं नाही, पण अवेळी गेलेलं पाणी कोकणी माणसाच्या लगेच लक्षात येईल. दर वेळी पाणी आधी मागे हटतंच असंही नाही, तेही लिहा.

‘त्सुनामी’च ठेवा. जपानी उच्चार आपल्या ‘चुना’तल्या च सारखा आहे, मराठी जिभेला जड नाही. पण कोणी ‘सुनामी’ म्हटलं म्हणून अडवू नका.

देवगडहून
बावट्याचं पटलं. शेवटी ‘पहिली लाट ओसरताच धोका टळतो’ असं वाक्य आहे, ते ठेवू का? आणि ‘सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’?

उत्तर (रत्नागिरी)
पहिलं वाक्य चुकीचं आहे, खोडा. लाटा एकामागून एक कित्येक तास येत राहतात आणि पहिलीच सगळ्यात मोठी असते असं नाही. ‘धोका टळल्याचं केंद्राने कळवेपर्यंत खाली येऊ नका’ असं लिहा.

दुसऱ्या वाक्याऐवजी सरळ ‘सड्यावर जा’ लिहा (सडा म्हणजे आपला वरचा कातळाचा माळ), आणि तुमच्या वाडीतून सड्यावर जाणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, कुठून सुरू होते तेही खाली लिहा.