शब्दचर्चा : 'रिअल-टाइम'ला 'तत्काळ' म्हणावं का?

दर्यापूरकर : आमच्याकडच्या पोरांसाठी संगणकशास्त्राची टिपणं मराठीत करतो आहे. 'रिअल-टाइम टास्क'ला काही ठिकाणी 'तत्काळ कार्य' वाचलं. पण पुढे 'वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतात' असं येतं. तत्काळ करायचं काम हळू कसं करणार? शब्द सुचवा जी.

वणीकर : 'तत्काळ' नकोच. इथे अट घाईची नाही, मुदतीची आहे. एअरबॅगची मुदत काही मिलिसेकंदांची, टाकीतल्या पाण्याची पातळी तपासायची मुदत काही सेकंदांची. दोन्ही कामं रिअल-टाइमच. 'कालबद्ध कार्य' म्हणा. 'स्लॅक'ला, म्हणजे काम संपल्यावर मुदतीपर्यंत उरणाऱ्या वेळेला, आपला 'सवड' शब्द अगदी चपखल बसतो, कारण वीज वाचते ती या सवडीतूनच.

एक काम दर १० मिलिसेकंदांना २ मिलिसेकंद घेतं, दुसरं दर २० ला ६; पुढची फेरी यायच्या आत काम संपवायचं, हीच मुदत. प्रोसेसरवर भार, म्हणजे त्याच्या वेळेचा कामात जाणारा हिस्सा, ०.२ अधिक ०.३, म्हणजे निम्माच. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये सिद्ध केलं की एकाच प्रोसेसरवर, ज्याची मुदत आधी त्याची पाळी आधी लावली, तर भार १ पर्यंत गेला तरी मुदत चुकत नाही. मग वेग निम्मा करा, दोन्ही कामं तरीही वेळेत होतात. वेग उतरला की व्होल्टेजही उतरवता येतं, आणि तेवढ्याच कामाची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते: १ चं ०.८ केलं तर ०.६४. फार हळू मात्र नको. काम लांबतं तसा गळतीचा, म्हणजे चिपमधून नुसताच झिरपणारा, प्रवाहही तितका वेळ वीज खातो.

दर्यापूरकर : समजलं! मग 'शेड्यूलिंग' म्हणजे वेळापत्रक?

वणीकर : 'पाळी लावणे' म्हणा. कालव्याच्या पाण्याची पाळी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रोसेसर अनेक असले की आधी 'वाटणी' येते, म्हणजे कोणतं काम कोणत्या प्रोसेसरवर हे ठरवणं; हे दोन शब्द वेगळेच ठेवा. ०.६ भाराची तीन कामं अन् दोन प्रोसेसर घ्या. एकूण १.८ म्हणजे जागा दिसते, पण कोणतीही दोन कामं एकावर टाकली की १.२ होतात. वाटणी बसतच नाही.

चिखलीकर : काम मध्येच दुसऱ्या प्रोसेसरवर नेलं तर बसते. त्याला 'स्थलांतर' चालेल. टिपणात एवढं जोडा, की स्थलांतर फुकट नसतं: नव्या जागी कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी जलद स्मृती, पुन्हा भरावा लागतो, त्यात वेळही जातो अन् वीजही.