एल्विस लष्करात संपला म्हणणाऱ्यांनी 'एल्विस इज बॅक!' ऐकलाय का?

सुईधारी

एल्विस लष्करात गेला तेव्हाच मेला, अशा अर्थाचं बीटल्सचा जॉन लेनन बोलून गेला आणि तेव्हापासून जो तो तेच वाक्य जपमाळेसारखं ओढतोय. मागच्या आठवड्यात एका मित्राने चहा पिता पिता पुन्हा ऐकवलं आणि माझं डोकं सटकलं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. एल्विस प्रेस्लीचा सर्वांत चांगला अल्बम लष्करातून परतल्यावरचा आहे: 'एल्विस इज बॅक!', एप्रिल १९६०. मेम्फिसच्या 'सन' या छोट्या रेकॉर्ड कंपनीतली सुरुवातीची गाणी मोठीच, पण ती सुटी गाणी. सलग ऐकायची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, म्हणून हीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्च १९५८ ला भरती, ऑगस्टमध्ये आई गेली, मग जर्मनीत फ्रीडबर्गला रणगाड्यांच्या तुकडीत. जून १९५८ नंतर पावणेदोन वर्षं स्टुडिओचं तोंड पाहिलं नाही. ५ मार्च १९६० ला सुटला, २० तारखेच्या रात्री नॅशव्हिलला त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या, आरसीएच्या स्टुडिओत हजर. दुसरी बैठक ३ एप्रिलच्या संध्याकाळी बसली ती ४ तारखेच्या सकाळीच उठली. एका रात्रीत १२ गाणी! आणि ८ एप्रिलला तबकडी बाजारात. वेष्टण आधीच छापलेलं, त्यावर गाण्यांची नावंच नाहीत, कारण कुठली गाणी होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नावांची चिठ्ठी मागाहून चिकटवली. मुहूर्त आधी काढला, मुलगी नंतर पाहिली, अशातला प्रकार.

एवढ्या घाईत घसरायला हवं होतं. पण 'फीव्हर' ऐका. पेगी लीने १९५८ मध्ये गायलं त्याच धाटणीवर: गिटार नाही, पियानो नाही, बॉब मूरचा बास, दोघांचे ड्रम आणि चुटक्या. गाणाऱ्याला लपायला जागाच नाही. १९५६ चा एल्विस इथे धसमुसळेपणा करून गेला असता. हा माणूस दोन ओळींच्या मध्ये थांबतो, आणि आपण पुढच्या ओळीची वाट बघत बसतो.

आणि शेवटचं 'रीकन्सिडर बेबी'. रात्रभर गाऊन झाल्यावर पहाटे सगळ्यात शेवटी घेतलेलं. आपल्याकडे मैफल भैरवीवर संपते, इथे लोवेल फुल्सनच्या ब्लूजवर, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखाच्या गाण्यावर संपली. गिटारचा ठेका एल्विस स्वतः धरतो आणि बूट्स रँडॉल्फचा सॅक्सोफोन सुरू झाला की घाई नावाची गोष्टच उरत नाही.

बोला आता.

गिरगावचा_बॉप

धागा चांगला, निष्कर्ष कच्चा.

गायला उत्तम, यात वाद नाही. प्रश्न वेगळा आहे. रॉक अँड रोल म्हणजे उत्तम गाणं नव्हे. रॉक अँड रोल म्हणजे घरच्यांनी दार वाजवून 'बंद कर ते' म्हणणं. या अल्बमवर कोणाच्या आईने दार वाजवलं असेल? 'द गर्ल ऑफ माय बेस्ट फ्रेंड' तर तिनेही गुणगुणलं असेल.

दुसरं, तुम्ही अल्बमवरची सोयीची १२ गाणीच मोजता. त्या दोन बैठकांत एकूण १८ झाली. उरलेल्या सहांत काय आहे? 'इट्स नाऊ ऑर नेव्हर', म्हणजे इटलीतलं जुनं 'ओ सोले मिओ' नवे कपडे घालून. 'आर यू लोनसम टुनाइट', मध्येच नाटकासारखं बोलणं. जगाने डोक्यावर घेतली ती ही. म्हणजे तुमच्या त्या ब्लूजच्या रात्रीच, त्याच खोलीत, पुढचा गुळगुळीत, सिनेमावाला एल्विसही तयार झाला होता.

दोन बैठकांच्या मध्ये काय झालं तेही सांगा की. २६ मार्चला मायामीत जुन्या पठडीतल्या गायक फ्रँक सिनात्राच्या टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण. तीन वर्षांपूर्वी याच सिनात्राने रॉक अँड रोलला नाही नाही ते बोललं होतं. आता एल्विस टक्सिडो घालून त्याच्या शेजारी उभा. लेनन चुकला असेल तर तारखेत, निदानात नाही.

मधुरा_के

सुईधारींशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के 'सोल्जर बॉय'चे कापले. ते लागलं की मी नेमकी पोळी उलटायला जाते.

निळा_सूर

दोघंही एल्विसभोवतीच फिरताय. जरा गाणी कुणाची ते बघा.

पहिलं गाणं 'मेक मी नो इट' ओटिस ब्लॅकवेलचं. 'फीव्हर' लिहिणाऱ्या दोघांतही तोच, टोपणनावाने, आणि ते आधी लिटल विली जॉनने १९५६ मध्ये गाऊन गाजवलंय, पेगी लीच्या दोन वर्षं आधी. 'सच अ नाइट' क्लाइड मॅकफॅटर आणि ड्रिफ्टर्सचं. 'रीकन्सिडर बेबी' फुल्सनचं, १९५४. हे सगळे कृष्णवर्णीय. ब्लॅकवेलने 'डोन्ट बी क्रुएल' आणि 'ऑल शुक अप' लिहिली, तेव्हा श्रेयात एल्विसचं नाव जोडून घेतलं गेलं. एक अक्षर न लिहिता. आणि हे दोघं आयुष्यात एकदाही भेटले नाहीत!

त्यामुळे 'परतल्यावर उमलला' वगैरे ठीक, पण बाग दुसऱ्यांची होती.

सुईधारी

@निळा_सूर, श्रेयाचं मान्य, आणि ती चूक एल्विसच्या माणसांची होती तशी त्याचीही. गप्प बसून फायदा घेतलाच त्याने. पण नक्कल आणि गायकी यात फरक करा. फुल्सनचं 'रीकन्सिडर' आणि हे लागोपाठ लावा. फुल्सन नुकतंच घर सोडून गेलेल्या बाईशी बोलतोय. एल्विसला ती परत येणार नाही हे कळून चुकलंय आणि तो त्यातही मजा घेतोय. गाणं तेच, माणूस वेगळा. बंदिश एकच असली म्हणून दोन गवयांचं गाणं एक होत नाही.

@गिरगावचा_बॉप, दार वाजवण्याचा निकष लावला तर १९६० मध्ये उरलं कोण होतं? बडी हॉली १९५९ च्या फेब्रुवारीत विमान अपघातात गेला. लिटल रिचर्ड त्याआधीच धर्माकडे वळला. जेरी ली लुईस स्वतःच्या लग्नामुळे बदनाम. चक बेरी कोर्टात. त्या ओसाड गावात हा एकटा परत आला आणि त्याने जुनाच दंगा पुन्हा केला नाही, ही तक्रार आहे का? पंचविशीत माणसाचा आवाज बदलतो. खर्ज भरला, वरचे सूर मोकळे झाले. त्याने त्या आवाजाचं गाणं गायलं.

'सोल्जर बॉय'बद्दल मधुराताईंना पोळी उलटायला पूर्ण परवानगी.

वसईकर

वयाने मोठा आहे म्हणून थोडं विषयांतर चालवून घ्या. आमच्या वाडीत एल्विसपेक्षा गायक जिम रीव्हज मोठा. नाताळात तर घराघरात. त्यामुळे एक किस्सा मला फार आवडतो: मार्चच्या बैठकीची बातमी फुटू नये म्हणून वादकांना म्हणे जिम रीव्हजचं ध्वनिमुद्रण आहे असं सांगून बोलावलं होतं. आले आणि बघतात तर एल्विस! आमच्या वाडीतले काही जण यावर निराश झाले असते.

बाकी वाद ऐकून गंमत वाटते. त्या काळी आमच्याकडे अल्बम कुठला नि कुठल्या सालचा, हे कोण बघत होतं? रेडिओ सिलोनवर लागेल ते ऐकायचं. एल्विसची चाल हिंदीत भेटायची. 'झुक गया आसमान'मधलं 'कौन है जो सपनों में आया' हे त्याच्या 'मार्गरिटा'वरून घेतलंय हे मला कैक वर्षांनी कळलं. 'मार्गरिटा' म्हणजे १९६३ च्या एका सिनेमातलं गाणं. म्हणजे तुम्ही ज्याला नावं ठेवता त्या सिनेमावाल्या एल्विसनेच आमचं बालपण सजवलं.

गिरगावचा_बॉप

काका, दंडवत. पण तुम्ही माझंच काम केलंत. गाणी पोचली ती सिनेमातली.

आकडे बोलतात. 'एल्विस इज बॅक!' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमध्ये पहिला. वाईट नाही. पण पुढच्या वर्षीचा 'ब्लू हवाई' हा सिनेमाच्या गाण्यांचा अल्बम २० आठवडे पहिल्या क्रमांकावर! मॅनेजर टॉम पार्करला आणखी काय सांगायला हवं? सिनेमा अल्बम विकतो, अल्बम सिनेमा विकतो, मग नॅशव्हिलला रात्री जागवायच्या कशाला?

आणि कळस ऐका. १९६५ मध्ये 'टिकल मी' नावाचा सिनेमा आला. खर्च वाचवायला नवीन गाणी केलीच नाहीत, जुनीच वापरली. त्यात 'इट फील्स सो राइट' आणि 'डर्टी, डर्टी फीलिंग' याच अल्बममधली. तुमच्या महान एलपीची ही किंमत. भंगारात काढून सुटे भाग विकले.

सुईधारी

अहो, ही माझी बाजू झाली ना! पाच वर्षं जुनी गाणी काढून लावली तरी सिनेमा चालून गेला. आणि यात लष्कर कुठे आलं? लष्करातून आलेला माणूस १९६० मध्ये हे गात होता. त्याला संपवलं ते हिशेबाने, १९६१ नंतर. लेननचं निदान चुकलंच.

गिरगावचा_बॉप

सही कोणाची होती त्या करारांवर?

सुईधारी

त्याचीच. तिथे गप्प.

मधुरा_के

काल रात्री हेडफोन लावून सगळा पुन्हा ऐकला, जेमतेम अर्ध्या तासाचं तर काम. 'सोल्जर बॉय'वरचं मत कायम. पण 'थ्रिल ऑफ युअर लव्ह'कडे माझं आजवर लक्षच नव्हतं. प्रेमगीत आहे, पण गातोय चर्चमध्ये उभं राहिल्यासारखा, आणि मागे जॉर्डनेअर्स या साथगायकांचे आवाज उचलून धरतात. त्याच वर्षी पुढे त्याने भक्तिगीतांचा अख्खा अल्बम केला ना? त्याचं बी इथे दिसतं.

निळा_सूर

हो, 'हिज हँड इन माइन'.

आणि 'लाइक अ बेबी'चं नाव अजून कोणीच घेतलं नाही, कमाल आहे. ते जेसी स्टोनचं. 'शेक, रॅटल अँड रोल' लिहिणारा तोच. ब्रिजजवळचा, म्हणजे चाल बदलते त्या मधल्या कडव्याजवळचा सॅक्सोफोन ऐका, मग बाग कुणाची ते पुन्हा बोलू.

सुईधारी

लावतोय.