'फाइंडिंग निमो': बाप-लेक भेटले, मग ते जाळं कशाला?

शाळेतल्या_बाई

नमस्कार मंडळी. प्रश्न सिनेमाचा आहे, पण अडलंय माझं नाटक, तेव्हा जरा पाल्हाळ होईल. मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि दरवर्षी स्नेहसंमेलनाचं बालनाट्य माझ्याच गळ्यात पडतं. यंदाची गोष्ट साधी: एका पोराची मांजर हरवते, तो आणि त्याची शेजारीण गाव पालथं घालतात. मासळी बाजार, एसटी स्टँड, देऊळ, पिठाची गिरणी. पस्तीस मिनिटं, अठ्ठावीस पोरं, प्रत्येकाला एक तरी वाक्य. परवा तालमीत सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, गिरणीचा सीन काढला तरी चालेल ना? मला क्लासला जायचंय." मी रागावले खरी, पण रात्री वही उघडली तर पोरगी बरोबर बोलत होती. गिरणी काढली तरी नाटकाचं काही बिघडत नाही. देऊळ काढलं तरी नाही. स्टँड आणि बाजार उलटेपालटे केले तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

म्हणून रविवारी मुलाला घेऊन 'फाइंडिंग निमो' पुन्हा पाहिला. २००३ चा सिनेमा, तोही शोधाशोधीचाच: निमो या क्लाउनफिशच्या पिल्लाला एक डेंटिस्ट पाणबुडा पकडून सिडनीतल्या आपल्या टाकीत नेतो, आणि बाप मार्लिन डोरी नावाच्या विसराळू मासोळीला सोबत घेऊन त्याला शोधत निघतो. शार्क, काळोखातला दिवेवाला मासा, जेलीफिश, कासवं, देवमासा, पेलिकन... संकटामागून संकट, तरी कुठे कंटाळा येत नाही. माझ्या नाटकात येतो. फरक कुठे आहे?

दुसरा प्रश्न माझा नाही, सासूबाईंचा. त्या जप करत बसल्या होत्या, पण डोळे टीव्हीवर. मार्लिन आणि निमो भेटले तशा म्हणाल्या, "गावलं ना पोर? मग आता आणखी काय?" तेवढ्यात मच्छीमारांचं जाळं आलं. खरंच, शोध संपल्यावर आणखी एक संकट कशाला? ताणलंय का उगाच?

कापाकापी

बाई, मी मालिकांच्या एडिटिंगला सहायक आहे. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेले सीन कापायचे हाच धंदा, त्यामुळे तुमच्या त्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. तिने विचारलं तोच प्रश्न आम्ही प्रत्येक एपिसोडला विचारतो.

आधी मधला भाग. 'निमो'तला एखादा सीन काढून बघा. पाणबुड्याचा, पत्ता लिहिलेला गॉगल हातात धरून मागे चला. तो गॉगल शार्कच्या अड्ड्यावर सापडतो. त्याच्या ओढाताणीत डोरीच्या नाकाला लागतं, रक्त येतं, त्या वासाने शाकाहाराची शपथ घेतलेला ब्रूस शार्क पिसाळतो. त्या धावपळीत सुरुंग फुटतात, गॉगल खोल दरीत पडतो. दरीत अंधार, म्हणून दिवेवाला मासा, आणि खायला आलेल्या त्याच माशाच्या उजेडात डोरी पत्ता वाचते: सिडनी. शार्क काढलात तर गॉगल दरीत पडत नाही. दरी काढलीत तर पत्ता वाचला जात नाही. पत्ता नाही तर सिनेमा तिथेच संपला. तुमची गिरणी आणि देऊळ शेजारी शेजारी उभे आहेत, एकाने दुसऱ्याला धक्का दिलेला नाही.

आणि एक बारकी गोष्ट. जेलीफिशचं संकट आभाळातून पडत नाही. माशांच्या थव्याने डोरीला बजावलेलं असतं, खिंड लागली की आतून जा, वरून नको. ती ते मार्लिनला सांगू बघते. पण विसराळू बाईवर भरवसा कोण ठेवतो? तो तिला गोड बोलून वरून नेतो आणि दोघं जेलीफिशच्या जंगलात. म्हणजे हे संकट मार्लिनच्या स्वभावाने आणलं. पहिलंही तसंच. पोरगं पकडलं का गेलं? बापाने सगळ्या वर्गासमोर 'तुला जमणार नाही' म्हणून आरडाओरडा केला, पोर चिडलं आणि मुद्दाम होडीला हात लावायला गेलं. बापाची भीतीच पोराला त्या पाणबुड्याच्या हातात देते.

आता सासूबाईंचं. त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण त्या एकच गोष्ट बघत होत्या: पोर सापडेल का? ती भेटीपाशी संपली. पण सिनेमा पहिल्या पाच मिनिटांत दुसरीही एक गोष्ट सुरू करतो. बॅराकुडा या शिकारी माशाच्या हल्ल्यात मार्लिनची बायको जाते, चारशेवर अंड्यांतलं एकच उरतं, आणि मार्लिन त्याला वचन देतो की तुला कध्धी काही होऊ देणार नाही. हे वचन बापाने सोडायला हवं, ही ती दुसरी गोष्ट. भेट झाली म्हणून तो सुधारला असं कुठे दिसलं? उलट इतकं भोगल्यावर तर त्याने पोराला आणखी घट्ट धरायला हवं.

त्याला वाटेत दोनदा शिकवणी मिळते. कासवांकडे क्रशचं पिल्लू प्रवाहाबाहेर फेकलं जातं, मार्लिन धावायला निघतो, क्रश म्हणतो थांब, बघू काय करतंय. ही फुकटची शिकवणी, पोर दुसऱ्याचं. मग देवमाशाच्या पोटात पाणी ओसरतं, दोघं जिभेला लटकलेले, डोरी म्हणते सोड. 'काही वाईट होणार नाही हे तुला कसं ठाऊक?' 'ठाऊक नाही.' आणि तो सोडतो. इथे जीव त्याचा स्वतःचा. राहिलं काय? स्वतःचं पोर. ते जाळ्यात.

देवमाशाच्या पोटातलं एक वाक्य कान देऊन ऐका. तो डोरीवर वैतागतो, 'तुला वाटतं तुला हे सगळं जमतं, पण जमत नाही, निमो!' समोर डोरी आणि तोंडात पोराचं नाव. हेच तो पहिल्या दिवशी निमोला बोलला होता. आणि जाळ्यात अडकलेल्या डोरीला सोडवायला आत शिरताना निमो म्हणतो मला जमेल, तेव्हा बाप म्हणतो बरोबर आहे, मला माहितेय तुला जमेल. हे वाक्य भेटीच्या वेळी म्हणायला जागाच नाही. तिथे फक्त मिठी आहे.

खाऱ्यापाण्याची_टाकी

कापाकापी, छान लिहिलंय, पण टाकीतल्या मंडळींना तुम्ही पार विसरलात. आमच्या घरी तीन फुटी टाकी आहे, म्हणून हा दुखावलेला आवाज.

जाळ्यात निमो काय करतो? सगळ्यांना ओरडून सांगतो, खाली पोहा. हे त्याला कुणी शिकवलं? बापाने नाही, टाकीतल्या गिल या माशाने. डेंटिस्ट निमोला छोट्या जाळीत पकडतो तेव्हा गिल सगळ्यांना त्याच जाळीत उड्या मारायला लावून खाली जोर लावायला लावतो, आणि जाळी डॉक्टरच्या हातून सुटते. तेच मोठ्या जाळ्यात शंभरपट होतं. बाप वाटेत 'सोडायला' शिकला, पोर टाकीत 'खाली पोहायला'. दोन्ही धडे एकाच ठिकाणी खर्ची पडतात. म्हणून जाळं हवंच.

टाकी घाण व्हावी आणि सुटता यावं म्हणून निमो पहिल्यांदा फिल्टरमध्ये खडा अडकवायला जातो तेव्हा जिवावर बेततं, तो हबकून कोपऱ्यात बसतो. दुसऱ्यांदा जातो ते पेलिकनने बापाची कीर्ती सांगितल्यावर. मार्लिनने कासवाच्या पिल्लांना सांगितलेली गोष्ट माशामाशांतून पाखरांपर्यंत पोचते आणि शेवटी पोराच्या कानी. बाप अजून समुद्रातच आहे, तरी पोराला हात देतो. दोन कथानकं एकमेकांना भेटण्याआधीच एकमेकांना ढकलतात, मला तरी सिनेमातली सगळ्यात सुंदर जागा हीच वाटते.

अवांतर: क्लाउनफिशमध्ये मादी मेली की जोडीचा नर पुढे मादी होतो. शास्त्र पाळलं असतं तर मार्लिन दुसऱ्या प्रवेशात निमोची आई झाला असता. बाईंनी हे सातवीच्या वर्गात सांगू नये.

उंटावरचा_शहाणा

मला नाही पटलं सगळं. योगायोगाचं काय? मार्लिन खिडकीतून डोकावतो तो नेमका निमो मेल्याचं सोंग करतोय तेव्हाच. मग टाकीतून सुटून पाइपातून समुद्रात आलेल्या निमोला अख्ख्या सिडनीच्या समुद्रात भेटते ती नेमकी डोरी. आमच्या मालिकांत हे केलं असतं तर तुम्हीच खिल्ली उडवली असती.

कापाकापी

पहिला चालतो, कारण त्याने माणूस अडचणीत येतो. योगायोगाने संकट आलं तर प्रेक्षक कुरकुरत नाही. दुसऱ्याबद्दल तुम्ही बरोबर आहात, तो अडचण सोडवतो. पण बघा, भेट झाली तरी डोरीला काही आठवत नाही. ती त्या पोराला मजेत घेऊन हिंडते, आणि पाइपवर सिडनी हा शब्द वाचते तेव्हा कुठे सगळं परत येतं. वाचता येणं पहिल्यापासून तिच्याच गाठीला होतं. भेट फुकट दिली, आठवण मात्र तिने कमावली. तरी तुमचा अर्धा मुद्दा कबूल.

एक ऐकीव नाही, दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनने स्वतः सांगितलेली गोष्ट. सुरुवातीच्या आराखड्यात बायकोच्या मृत्यूचा प्रसंग तुकड्या-तुकड्यांनी फ्लॅशबॅकमध्ये येत होता, रहस्यासारखा. मार्लिन नुसता कटकट्या वाटायला लागला. मग तो प्रसंग उचलून सुरुवातीला आणला. मार्लिनचं वागणं तेच, पण आता तीच कटकट बघून पोटात तुटतं. बाई, तुमच्या नाटकात मांजर हरवण्याआधी त्या पोराला काय होतं, हे ठाऊक आहे का?

शाळेतल्या_बाई

नव्हतं ठाऊक! चार दिवस त्यावरच गेले. काल चिठ्ठ्या करून स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडल्या. मुलगा म्हणाला, "आई, पत्ते खेळतेस?" सासूबाईंनी पदर खोचून दोन चिठ्ठ्या स्वतः हलवल्या.

आता असं केलंय. पोराची आई मुंबईला नोकरीला गेलीय, जाताना मांजर त्याच्यावर सोपवून. म्हणून हा मांजरीला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही, गळ्यात सुतळी बांधतो. त्या सुतळीलाच कंटाळून मांजर पळते. मासळी बाजारात सुतळीचा तुकडा सापडतो, त्याला पीठ लागलेलं, म्हणून गिरणी. गिरणीवाला म्हणतो पिठाची पावलं देवळाकडे गेली. शेजारीण सांगते देवळाच्या मागच्या दाराने जाऊ, हा ऐकत नाही, पुढून घंटा बडवत शिरतो आणि मांजर बिथरून स्टँडवर. म्हणजे खिंडीवरून गेलाच माझा पण मार्लिन. क्लासवालीचा सीन आता काढता येत नाही, ती माझ्याशी बोलत नाहीये.

शेवट तेवढा अडलाय. मांजर सापडते, टाळ्या पडतील, पण जाळं कुठून आणू?

खाऱ्यापाण्याची_टाकी

सुतळी आहे ना तुमच्याकडे. मांजर मिळाल्यावर शेजारीण नवी सुतळी आणून त्याच्या हातात देते. तो काय करतो ते दाखवा आणि पडदा.

शाळेतल्या_बाई

अगं बाई. हे इतकं समोर होतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, म्हणाल्या, "सुतळी परत बांधली तर मी उठून जाईन." शेवटचं एकच विचारते: मांजर रंगमंचावर आणायची का? पहिलीतलं एक पोर कापसाची शेपूट लावून तयार बसलंय.

उंटावरचा_शहाणा

आणू नका, म्याँव पुरे. आणि त्या पोराला शेपटीसकट प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करा, नाहीतर त्याची आई तुम्हाला सोडायची नाही.