स्वीडनचे डेथ मेटलवाले एन्टूम्ड रॉककडे वळले ते पैशासाठी का?

डाव्याहाताचा: त्यांचे पहिले दोन अल्बम, लेफ्ट हँड पाथ (१९९०) आणि क्लँडेस्टाइन (१९९१), कोळून प्यायलोय, पण काल त्यानंतरचा वुल्व्हरीन ब्लूज लावला आणि वाटलं हा दुसराच बँड आहे, स्पीड उतरलाय, गाणी पटकन आटपतात, सगळा ग्रूव्ह रॉकचा. विकले गेले म्हणतात ते खरं का? पुढचं काही ऐकण्यासारखं आहे का?

ठाणे_डेथ: विकले गेले वगैरे काही नाही रे. १९९३ च्या त्या अल्बमला अमेरिकेत कोलंबियासारखी मोठी कंपनी मिळाली आणि तिकडच्या एका कव्हरवर चक्क मार्व्हल कॉमिक्सचा हिरो वुल्व्हरीन छापला, म्हणून ही बोंब. पण बँडचं डोकं म्हणजे ड्रमर निक अँडरसन, आणि तो लहानपणापासून किस हा रॉक बँड आणि पंकचा वेडा. १९९४ ला त्याने हेलाकॉप्टर्स हा बँड काढला, तिथे गिटार घेऊन स्वतः गातो, सरळसोट रॉक अँड रोल. १९९७ ला एन्टूम्ड सोडून पूर्ण वेळ तिकडेच गेला. हे त्याच्या रक्तातच होतं.

एचएम२_फुल: हेडफोन लावून फक्त गिटार ऐक. तोच स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ, तोच प्रोड्यूसर टोमास स्कोग्सबर्ग, तोच बॉस कंपनीचा एचएम-२ हा गिटारचा आवाज फाडणारा पेडल, चारही नॉब शेवटपर्यंत फिरवलेले, म्हणून तो करवतीसारखा आवाज. बदललेत ते ड्रम. आधी सतत धावायचे, आता स्नेअर ड्रम चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो त्यामुळे पाय आपोआप ठेका धरतो, आणि वरून गायक पेट्रोव तसाच गुरगुरतोय. डेथ अँड रोल (डेथ मेटल अधिक रॉक अँड रोल) हे नाव पडलं ते यामुळेच, आणि माझ्यासाठी हा त्यांचा सगळ्यात भारी अल्बम आहे, क्लँडेस्टाइनपेक्षाही.

ठाणे_डेथ: क्लँडेस्टाइनपेक्षा भारी? अजिबात नाही. बाकी पटलं.

जुनीकॅसेट: खरा घात १९९८ च्या सेम डिफरन्सने केला. निक गेलेला, नवा ड्रमर, आणि ती खरखर जवळपास गायब, त्या वेळचा कुठलाही अल्टरनेटिव्ह रॉक बँड वाजवेल तसं. रॉककडे वळल्याचा राग नाही, गिटारचा आवाज सोडला त्याचा आहे. २००० च्या अपरायझिंगमध्ये तो मळकट आवाज परत आणला, म्हणजे त्यांनाही कळलं असणार. तू आधी १९९७ चा टू राइड शूट स्ट्रेट ऐक, मग थेट अपरायझिंग. सेम डिफरन्स सगळ्यात शेवटी.

डाव्याहाताचा: टू राइड लावलाय, पहिल्याच गाण्यात मान हलायला लागली राव. पेट्रोव २०२१ ला गेला हे आत्ता वाचलं, फार वाईट वाटलं.