मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यातही टिकतील अशा छोट्या सवयी सुचवा

नमस्कार. मी ४४ वर्षांची. त्रिमूर्ती नगरला राहते, धरमपेठेतल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. नुकतंच रक्त तपासलं, तर एचबीए१सी ६.१ निघालं आणि उपाशीपोटीची साखर ११२. उंची पाच फूट एक इंच, वजन ६८ किलो. डॉक्टर मॅडमनी समजावलं की एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ६.५ पासून मधुमेह. गोळी आताच नको म्हणाल्या. खाणं आणि हालचाल सुधारा, जूनच्या सुरुवातीला परत तपासू.

माझ्या आईला मधुमेह होता. तिच्या तळपायाच्या जखमेचं ड्रेसिंग मीच करायची. चिकटलेली पट्टी ओढून काढली तरी तिला कळायचं नाही, इतका पाय बधिर झाला होता. त्यामुळे ६.१ वाचल्यापासून माझं लक्ष दुसरीकडे लागत नाही.

आता खरी अडचण. एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणजे माझी परीक्षा नेमकी मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत. थंडीत फिरायला जाणं मला जमतं. सेमिनरी हिल्सला त्या दिवसांत किती गर्दी असते ते नागपूरकरांना माहीतच आहे. पण एप्रिल लागला की सकाळी सातलाच ऊन चटके देतं, आणि संध्याकाळी आठला रस्त्यावर पाऊल टाकलं तर डांबरातून वाफा येतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तर विचारूच नका. दरवर्षी याच काळात फिरणं सुटतं ते पाऊस येईपर्यंत.

दुसरं, घरात चूल एक आणि खाणारे चौघं. सासूबाई ७४ वर्षांच्या, स्वयंपाकाचा मुख्य भार अजून त्यांच्याकडेच. हात इतका चवदार की पाहुणे मुद्दाम त्यांच्या हातचा वडाभात मागतात. भातावर वडे कुस्करायचे, वरून हिंग आणि लाल मिरचीची तेलाची फोडणी, तीही पळीभर. रविवारी यजमान तर्री पोहे आणतात. मुलगा बारावीला, त्याचं रात्रीचं जागरण, त्याच्याबरोबर माझा चहा. माझ्यापुरतं वेगळं शिजवायला वेळ नाही, आणि सासूबाईंचं मन दुखवून मला काही करायचं नाही.

महिनाभराचे डाएट प्लॅन कृपया नकोत. जिमही नको. जे आपल्याकडच्या कोणी प्रत्यक्ष केलं आणि उन्हाळ्यात मोडलं नाही, तेच सांगा.

बुटीबोरीकर
ताई, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? ६.१ वर लक्ष गेलं हेच चांगलं झालं, माझं तर ७.४ ला कळलं. उन्हाळ्यात बाहेर फिरायचा नाद मी सोडून दिला. घरातच फिरतो. जेवण झालं की समोरच्या खोलीतून मागच्या मोरीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, कूलर चालू ठेवून. पोरं पहिले हसत होती, आता बाप फिरून राहिला म्हणून रस्त्यातल्या खुर्च्या बाजूला करून ठेवतात. दोन्ही जेवणांनंतर केलं की दिवसाची अर्ध्या तासाची बेगमी झाली.

निशिगंध
मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचा उपाय अगदी योग्य आहे, कारण सांगते. जेवणानंतर रक्तात साखर चढते त्याच वेळी पायाचे स्नायू हलले, तर ते ती साखर ओढून वापरतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. म्हणून एकदम तासभर चालणं जमत नसेल तर जेवणानंतरची छोटी फेरी धरून ठेवा. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती तुकड्या-तुकड्यांनी भरली तरी चालते.

त्याच संघटनेच्या शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही आहे, आणि आपल्या बायका नेमका तोच सोडतात. साखर साठवणारी सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू, आणि चाळिशीनंतर तो कमी होत जातो. यासाठी ऊन-पावसाचा प्रश्नच नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं. कुकरच्या शिट्ट्या होईतो होऊन जातं.

एक आकडा तुमच्या कामाचा. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, तुमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन सुमारे ७ टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचालीचं ध्येय ठेवलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ६८ किलोचे ७ टक्के म्हणजे पाच किलोच्याही आत. चेन्नईतही असा अभ्यास झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला; फरक तिथे कमी होता, पण ठळक होता.

वैनगंगा
मी सून म्हणूनच लिहिते. सासूबाईंच्या पदार्थांना हात लावू नका, वाढण्याचा क्रम बदला. आधी काकडी-गाजर, मग वाटीभर घट्ट वरण आणि भाजी, भात सगळ्यात शेवटी. तीच भूक, तेच ताट, पण भात आपोआप निम्मा होतो, आणि साखरही हळू चढते. वडाभात महिन्यातून एकदा करा आणि मनापासून खा. फोडणीची पळी मात्र आपल्या हाती घ्या.

आणि सासूबाईंनाच विचारा, तुमच्या लहानपणी काय असायचं? आमच्याकडे विचारल्यावर ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, झुणका सगळं परत आलं, आणि त्यांनीच उत्साहानं केलं. फक्त भाकर आहे म्हणून तीन खाल्ल्या तर उपयोग नाही. साखर तिच्यातूनही होतेच, सोबतच्या भाजी-डाळीचं प्रमाण मोठं हवं.

धाग्याची लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. वैनगंगाताई, काल सासूबाईंना विचारलं. त्या अर्धा तास बोलत होत्या आणि आज सकाळी जवस भाजायलाही घेतलं.

चहाचा हिशेब मांडून बसले. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून, आणि वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा असा सल्ला वाचला. रात्रीचा कप बंद केला, बाकीच्यांत एकेक चमचा घालते. उन्हाळ्यात पन्हं आणि उसाचा रस सुरू होईल, तेव्हा काय करता?

बुटीबोरीकर
पन्ह्यात गूळ घातला तरी ती साखरच, ताई. आमच्या घरी कैरी उकडून जिरं, मीठ, पुदिना टाकून पितो, गूळ नावापुरता. मठ्ठा उत्तम, मीठ बेतानं. रस नाही पीत. संत्री मिळतात तोवर फोडी सोलून खा, ज्यूस काढू नका.

अन् ऑफिसात मेट्रोनं जात असाल तर तुमच्या जवळच्या सुभाष नगर स्टेशनवर लिफ्ट सोडून जिना चढा. रोजचं आहे, सावलीतलं आहे.

धाग्याची लेखिका
हे लगेच जमेल, मी शंकर नगर चौकाला उतरते.

निशिगंधताई, खुर्चीवरून उठताना उजवा गुडघा कटकन वाजतो. दुखत नाही. चालू ठेवू का?

निशिगंध
दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा अडकत नसेल, तर नुसत्या आवाजाला घाबरू नका. पहिले काही दिवस बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, खाली बसताना सावकाश बसा, धपकन नाही. पाऊल आणि गुडघा एकाच दिशेला राहू द्या. सवय झाली की उशी काढा. दुखायला लागलं तर थांबून तपासून घ्या, तोवर टाचा उचलणं आणि भिंतीचे दंड सुरूच ठेवा.